बॉनीरिगच्या कठड्यावरून हॅम्पडेन पार्कला खुलं पत्र

प्रति,
पदाधिकारी, स्कॉटिश प्रोफेशनल फुटबॉल लीग (एसपीएफएल) आणि स्कॉटिश फुटबॉल असोसिएशन (एसएफए),
हॅम्पडेन पार्क, ग्लासगो

सप्रेम नमस्कार,

२०२४-२५ च्या सीझनमध्ये बॉनीरिग रोज या क्लबचे सहा पॉइंट कापले गेले. मॅच फिक्स केली म्हणून नाही, कुणाचे पैसे बुडवले म्हणून नाही, अपात्र प्लेयर खेळवला म्हणूनही नाही. न्यू डंडास पार्क हे त्यांचं मैदान सपाट नाही, त्याला उतार आहे, तो नियमात बसत नाही आणि सांगूनही तो काढला नाही, एवढ्यासाठी. सीझन संपला तेव्हा क्लब लीग टू मध्ये, म्हणजे एसपीएफएलच्या चारपैकी सगळ्यात खालच्या लीगमध्ये, तळाला होता, मग प्लेऑफमध्ये ईस्ट किलब्राइडकडून हरला आणि २०२२ ला त्याच्या खालच्या ज्या लोलँड लीगमधून वर आला होता तिथेच परत गेला. नुसत्या त्या सहा पॉइंटमुळे खाली गेले असं मी म्हणत नाही, टीम त्या वर्षी कमी पडली हे आम्ही कठड्याला उभं राहून बघितलंय. पण पॉइंट कापायचा निर्णय मला तेव्हाही पटला नाही, आताही पटत नाही, आणि गप्प बसवत नाही म्हणून लिहितेय.

इंग्रजीतलं पत्र तुम्हाला वेगळं पाठवलंय, मुद्दे हेच आहेत. हे मराठीत यासाठी की एडिनबरा-ग्लासगोकडे आता आपली माणसं बरीच आहेत, शिकायला आलेली पोरं आहेत, हॉस्पिटलात काम करणारे आहेत, आयटीवाले आहेत, आणि त्यातले कितीतरी जण घरी असताना रात्र रात्र जागून लिव्हरपूल-आर्सेनल बघायचे पण आता ज्या गावात राहतात तिथल्या क्लबच्या गेटातून एकदाही आत गेले नाहीत. हा निर्णय कुणावर आणि कशावर झालाय ते त्यांनाही कळू दे.

आधी हे मैदान कसलं आहे ते सांगते. कारण फाइलमध्ये तो फक्त उताराचा एक आकडा असणार.

बॉनीरिग हे मिडलोथियनमधलं गाव, एडिनबराच्या आग्नेयेला. शहरातून ३१ नंबरची बस येते, नाहीतर २०१५ ला सुरू झालेल्या बॉर्डर्स रेल्वेने एस्कबँकला उतरून चालत यायचं. हा सगळा पट्टा कोळशाच्या खाणींचा. शेजारच्या न्यूटनग्रेंजची लेडी व्हिक्टोरिया खाण १९८१ ला बंद झाली, तिथे आता खाणींचं म्युझियम आहे, बिल्स्टन ग्लेन १९८९ ला गेली, मंकटनहॉल १९९७ ला. खाणी गेल्या, त्यांच्याबरोबर पगार गेले, पण क्लब राहिले. न्यूटनग्रेंज स्टार, अर्निस्टन रेंजर्स, डलकीथ थिसल, रोझवेलचा व्हाइटहिल वेल्फेअर, पेनिक्युइक ॲथलेटिक, ही सगळी नावं एका दुपारी सायकलवरून फिरता येईल एवढ्या टापूतली आहेत. त्यातलाच रोज, १८८१ पासूनचा. शॉन कॉनरी जेम्स बाँड व्हायच्या आधी तरुणपणी याच क्लबकडून खेळलाय. स्कॉटिश ज्युनियर कप त्यांनी १९६६ आणि १९७८ ला जिंकलाय (इकडे ज्युनियर म्हणजे लहान मुलांचं फुटबॉल नव्हे, गावोगावच्या मोठ्या माणसांच्या क्लबांची ती वेगळी जुनी रचना होती, १८८६ पासूनची).

शनिवारी तीनची मॅच. गेटवर पैसे घेणारे, आत चहा देणारे, हाफटाइमच्या सोडतीची तिकिटं विकणारे, सगळे गावातलेच आणि फुकट राबणारे. मटणाचा छोटा गोल पाय (इंग्रजीतला pie, सारण भरून भाजलेला) मिळतो, तो हातात घेतला की बोटं शेकतात, शेजारचा बोव्हरील (बीफच्या अर्काचं गरम पेय) पीत असतो, मी चहा घेते. मग कठड्याला जाऊन उभं राहायचं. मोठ्या स्टेडियममध्ये फुटबॉल दिसतं, इथे ते ऐकायला येतं. टॅकलचा आवाज, गोलकीपर डिफेन्सवर ओरडतो ते, विंगर धापा टाकतो ते, लाइन्समनला मागून कुणीतरी नावाने हाक मारून दिलेला सल्ला. आणि हाफटाइमला टीमने बाजू बदलली की बरेच प्रेक्षकही चहाचे कप घेऊन मैदानाच्या त्या टोकाला चालत जातात, आपली टीम जिकडे गोल मारणार तिकडे.

आणि उतार? उतार आहे, साध्या डोळ्यांना दिसतो. पहिल्यांदा येणाऱ्याच्याही तो लगेच लक्षात येतो. टॉस कुणी जिंकला हे इथे लोक खरोखर विचारतात. पहिला हाफ चढाकडे खेळून बरोबरीत काढला की लोकांच्या आवाजात फरक पडतो, आता पंचेचाळीस मिनिटं आपली असं वाटतं, आणि बऱ्याचदा तसं होतही नाही, पण त्या वाटण्यासाठी माणसं पावसात येतात.

मी कोल्हापूरची. हे सांगते कारण महाराष्ट्रातल्या बाकी गावांत फुटबॉल म्हणजे टीव्हीवरचा खेळ असला तरी आमच्याकडे तो पेठेचा खेळ आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमी, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, यांच्या मॅचला शाहू स्टेडियम कसं भरतं ते ज्याने बघितलंय त्याला बॉनीरिग विरुद्ध न्यूटनग्रेंज काय चीज असेल ते समजावून सांगावं लागत नाही. तालीम कुस्तीची, तिचीच फुटबॉल टीम, तिचेच गणपती, पेठेत कुणी वारलं तर खांदा द्यायला तीच पोरं. आमच्या मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला तेव्हा सगळं गाव टीव्हीसमोर होतं. त्यामुळे मिडलोथियनला राहायला आल्यावर मला पहिलं ओळखीचं वाटलं ते हे मैदान. देवळात जावं तसं नाही म्हणणार, पण कुणी कोण कुठली असं न विचारता कठड्याशी सरकून जागा दिली, आणि खाणीत आयुष्य काढलेल्या एका आजोबांनी माझ्या मुलाला ऑफसाइड समजावला, तो आता मला समजावतो. परदेशात माणूस एखाद्या गावाचा कसा होतो, तर असा होतो. म्हणून त्या गावाच्या क्लबवर झालेला अन्याय हा माझ्या शेजाऱ्याचा विषय आहे असं म्हणून मला बाजूला होता येत नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. हे मैदान खेळायला योग्य आहे की नाही, हे एकदा ठरवा. योग्य नसेल, प्लेयरना धोका असेल, तर तिथे एकही मॅच व्हायला नको होती, न तुमच्या रेफ्रीने शिट्टी वाजवायला पाहिजे होती. पण मॅचेस झाल्या. २०२२ पासून २०२५ पर्यंत तीन सीझन लीग टू त्या गवतावर खेळली गेली, पाहुण्या टीम येऊन जिंकून गेल्या, हरून गेल्या, निकाल तुम्ही धरले, टेबलात टाकले. म्हणजे मैदान खेळण्याजोगं होतं. मग त्याच मैदानावर घाम गाळून मिळवलेले पॉइंट त्याच मैदानाच्या नावाने काढून कसे घेता? या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. कुणीतरी मला शांतपणे बसवून सांगावं, मी ऐकायला तयार आहे.

दुसरी. उतार दोघांनाही सारखाच असतो. हाफटाइमला बाजू बदलतात, त्यामुळे जो उतार तुम्हाला पंचेचाळीस मिनिटं मदत करतो तोच पुढची पंचेचाळीस मिनिटं छातीवर बसतो. होम टीमला सवयीचा फायदा मिळतो हे मान्य, पण सवयीचा फायदा तर समुद्रकाठच्या आर्ब्रोथलाही मिळतो, गेफील्डवर नॉर्थ सीचा वारा कसा वाहतो ते तिथल्या गोलकीपरला माहीत असतं आणि पाहुण्याला नसतं. खेळाच्या मूळ नियमांत मैदानाची लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर चालते, म्हणजे एकाचं मैदान दुसऱ्याच्या दुप्पट रुंद असलं तरी ते नियमात बसतं. एवढा फरक पोटात घेणारा खेळ आहे हा, आणि त्या नियमांत उताराचा आकडा नाही. तो आकडा क्लबांना द्यायच्या लायसन्सच्या आणि लीगच्या नियमांमधून येतो, म्हणजे तुम्ही माणसांनी बसून ठरवलेला आहे, आणि जे ठरवलंय त्याची शिक्षा काय असावी हेही तुम्हीच ठरवता.

तिसरी गोष्ट इतिहासाची, आणि इथे मला खरंच वाईट वाटतं, कारण हा इतिहास तुमचाच आहे. बॉनीरिगपासून अर्ध्या-पाऊण तासावर एडिनबराच्या हिब्स (हिबर्नियन) क्लबचं ईस्टर रोड मैदान आहे. त्या मैदानाला सन २००० पर्यंत उतार होता, प्रसिद्ध होता, पिढ्यान् पिढ्या लोक त्याच्या गोष्टी सांगतात. १९५५-५६ ला युरोपियन कप पहिल्यांदा झाला, त्यात हिब्स हा खेळणारा पहिला ब्रिटिश क्लब, सेमीफायनलपर्यंत गेला, आणि फ्रान्सच्या रॅन्स क्लबविरुद्धची सेमीफायनलची होम मॅच त्याच उतरत्या ईस्टर रोडवर झाली. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची सेमीफायनल उतारावर चालली, आणि काहीशे लोकांसमोरची लीग टू ची मॅच चालत नाही? काळ बदलला, मान्य. हिब्सनेही शेवटी उतार काढला. पण त्यांनी तो त्यांची ऐपत झाली तेव्हा काढला, त्यासाठी त्यांच्या पोरांचे पॉइंट कुणी कापले नव्हते.

आणि मराठी वाचकांसाठी, लॉर्ड्स आठवा. क्रिकेटची पंढरी म्हणतो आपण, तिथे मैदानाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जवळपास अडीच मीटरचा उतार आहे. आपल्या दिलीप वेंगसरकरांनी त्याच उतारावर १९७९, १९८२ आणि १९८६ अशा तीन दौऱ्यांत तीन टेस्ट सेंच्युऱ्या मारल्या आणि आपण अजून त्याबद्दल अभिमानाने बोलतो. तो उतार काढा असं कुणी म्हणत नाही, उलट कुठल्या टोकाने बॉलिंग टाकायची यावर जाणकार तासभर बोलतात. श्रीमंत मैदानाचा उतार म्हणजे परंपरा आणि खाणकामगारांच्या गावातल्या मैदानाचा उतार म्हणजे गुन्हा, असा निष्कर्ष लोकांनी काढला तर त्याला जबाबदार कोण?

चौथी तक्रार शिक्षेच्या वजनाबद्दल. त्याच २०२४-२५ सीझनमध्ये इनव्हरनेस आणि डम्बार्टन हे क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेले (म्हणजे कर्जामुळे कारभार बाहेरच्या प्रशासकाकडे गेला) म्हणून त्यांचे पंधरा-पंधरा पॉइंट कापले गेले. त्या क्लबांच्या चाहत्यांचंही मला वाईट वाटतं, पण निदान तिथे कारण समजतं, क्लब पैशात बुडतो तेव्हा येणेकऱ्यांचं नुकसान होतं आणि जो क्लब ऐपतीत राहून टीम उभी करतो त्याच्यावर अन्याय होतो. उतारामुळे कुणाचं काय नुकसान झालं? कुणाची उधारी राहिली? बॉनीरिगने ऐपतीबाहेर खर्च केला नाही हाच एका अर्थाने त्यांचा दोष ठरला, कारण मैदान उकरून सपाट करायचं म्हणजे काय असतं बघा, महिनोन् महिने मैदान बंद, होम मॅचेस दुसऱ्याच्या मैदानावर भाड्याने, गेटचे पैसे कमी, पायचे-चहाचे पैसे नाहीत, वरून माती, ड्रेनेज, गवत याचा खर्च, आणि हे सगळं कुणी करायचं तर नोकरी करून उरलेल्या वेळात क्लब चालवणाऱ्या माणसांनी. प्लेयरसुद्धा पार्ट-टाइम, दिवसभर काम करून संध्याकाळी ट्रेनिंगला येणारे. पॉइंट कापले ते या पोरांचे. उतार काही त्यांनी केला नव्हता, काढणंही त्यांच्या हातात नव्हतं.

इथे दुसरी बाजू पण मांडते, कारण तुमच्यातले लोक हेच म्हणणार. लीग टू मध्ये येताना क्लबला अटी माहीत होत्या. मुदतही मिळाली होती. इतर छोट्या क्लबांनी पोटाला चिमटा काढून आपापली ग्राउंडं सुधारली, त्यांना काय वाटेल? बरोबर आहे. मी असं म्हणतच नाही की नियम नकोत. प्रकाश धड नाही, पाणी साचतं, प्रेक्षकांसाठी टॉयलेट नाही, व्हीलचेअर आत येत नाही, असल्या गोष्टींवर तुम्ही कडक राहा, राहिलंच पाहिजे, मी स्वतः बाई म्हणून सांगते की छोट्या ग्राउंडवरच्या टॉयलेटचा विषय महत्त्वाचा आहे. उतारावरही मर्यादा असू दे. माझं भांडण शिक्षेशी आहे. दंड करा, बक्षिसाच्या रकमेतून वळता करा, कामाचं वेळापत्रक मागा, दर तीन महिन्यांनी इंजिनियर पाठवून तपासा, पण मैदानातला निकाल मैदानात राहू द्या.

पाचवी गोष्ट जरा मोठी आहे. २०१४-१५ पासून तुम्ही पिरॅमिड, म्हणजे खालच्या लीगमधून जिंकत वर यायची रचना, सुरू केला. त्याआधी खालच्या क्लबला वर यायला कुणीतरी बुडावं लागायचं नाहीतर लीग वाढवावी लागायची, १९९४ ला इनव्हरनेस आणि रॉस काउंटी आले, २००० ला पीटरहेड आणि एल्गिन, मग २००८ ला ग्रेटना बुडाला म्हणून ॲनन. पिरॅमिड आल्यावर निदान मैदानात जिंकून वर येता येऊ लागलं, आणि ते किती चांगलं झालं ते बघा, एडिनबरा सिटी, कोव्ह रेंजर्स, केल्टी हार्ट्स, बॉनीरिग, स्पार्टन्स, ईस्ट किलब्राइड, एकामागून एक आले. केल्टीने तर वर आल्याच्या पहिल्याच वर्षी, २०२१-२२ ला, लीग टू जिंकली. खालच्या फुटबॉलमध्ये दम नाही असं आता कुणी म्हणू शकत नाही. २३ जानेवारी २०२३ ची रात्र आठवा, सहाव्या पायरीवरच्या डार्व्हेलने स्कॉटिश कपमध्ये सगळ्यात वरच्या लीगमधल्या ॲबर्डीनला १-० ने घालवलं, डार्व्हेल म्हणजे एअरशरमधलं लेस विणणारं छोटं गाव, अलेक्झांडर फ्लेमिंगचा जन्म त्याच परिसरातला. अशा रात्रींमुळेच या खेळावर लोकांचा जीव आहे.

पण हा दरवाजा अजून फार अरुंद आहे. वर्षाला फार तर एक क्लब वर जाणार, तोही लीग टू च्या खालच्या हायलँड (उत्तरेकडची) आणि लोलँड (दक्षिणेकडची) लीगच्या चॅम्पियननी आधी एकमेकांशी लढायचं आणि मग लीग टू च्या तळाच्या क्लबशी. आणि त्या अरुंद दारातही लायसन्सची पट्टी घेऊन कुणीतरी उभं. २०२४ ला बकी थिसलने हायलँड लीग जिंकली, लीग टू साठी लागणारं एसएफएचं ब्राँझ लायसन्स नाही म्हणून त्यांना प्लेऑफ खेळूच दिला नाही. त्याच सीझनच्या जानेवारीत हीच टीम सेल्टिक पार्कवर स्कॉटिश कप खेळून आली होती. बलाढ्य सेल्टिकशी खेळायला चालते ती टीम लीग टू च्या तळाच्या स्ट्रॅनरारशी खेळायला चालत नाही, हे बकीच्या मच्छीमारांच्या गावात कुणाला कसं पटवायचं?

आणि याच काळात मोठ्या क्लबांच्या बी टीमसाठी (तरुण प्लेयरच्या दुसऱ्या टीमसाठी) जागा मात्र चटकन होते. २०२१ ला रेंजर्स आणि सेल्टिकच्या बी टीम लोलँड लीगमध्ये पाहुण्या म्हणून आल्या, पुढे हार्ट्सची आली, त्यांनी फी भरली, त्यांना प्रमोशन नाही की रेलिगेशन नाही. २०२३ ला तर बी टीमसाठी एक नवी कॉन्फरन्स लीगच मधे घालायचा तुमचा प्रस्ताव होता, म्हणजे गावच्या क्लबना आणखी एक पायरी खाली ढकलायचं. लोकांनी एवढा विरोध केला की तो मागे घ्यावा लागला. मी बी टीममधल्या पोरांच्या विरोधात नाही, अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, त्यांना मॅचेस मिळाल्याच पाहिजेत. पण ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांच्यासाठी नियम वाकतात आणि ज्यांच्याकडे उतार आहे त्यांचे पॉइंट जातात, असं चित्र दिसतंय, आणि ते चित्र बदलायची जबाबदारी तुमची आहे.

अजून एक, छोटी पण मनाला लागलेली. हा सगळा विषय चालू असताना आम्हा गेटवर पैसे भरणाऱ्या माणसांना साध्या भाषेत कुणी काही सांगितलं नाही. उतार नेमका किती, चालतो किती, सहाच पॉइंट का, दोन का नाहीत, दहा का नाहीत. आम्ही बातम्यांमधून समजून घ्यायचं. शनिवारी कठड्याला एकमेकांना विचारायचं, तुला काय कळलं का. कोल्हापुरात मॅचचा निकाल वादात गेला तर तालमीची माणसं रस्त्यावरच जाब विचारतात. इकडचे लोक शांत आहेत, खाणी बंद झाल्या तेव्हाही इथल्या माणसांना विचारून कुणी काही केलं नव्हतं, त्यामुळे वरून येणारा निर्णय गिळायची सवय त्यांना लागलीय. ती सवय त्यांना फुटबॉलमध्येही लागावी असं मला वाटत नाही.

माझ्या मागण्या अशा.

मैदानाच्या भौतिक कमतरतेसाठी, म्हणजे उतार, मोजमाप, बांधकाम यासाठी, पॉइंट कापायची शिक्षा नियमातूनच काढून टाका. पुढच्या सीझनपासून. बॉनीरिगचे सहा पॉइंट आता परत मिळून काही होणार नाही हे कळतं मला, पण उद्या दुसरं गाव वर येईल, त्याच्यावर ही वेळ येऊ नये.

कुठलंही मैदान दुरुस्त करायला सांगाल तेव्हा सोबत पैशाची वाट दाखवा. प्रमोशन मिळालेल्या क्लबला पहिल्या दोन-तीन वर्षांत ग्राउंडच्या कामासाठी वेगळा निधी द्या, आणि कामाच्या काळात होम मॅचेस बाहेर खेळाव्या लागल्या तर गेटचं जे नुकसान होतं ते भरून द्या. नुसती मुदत देणं म्हणजे मदत नव्हे.

उतारासाठी नेमकी मर्यादा काय, ती का, आणि प्रत्येक क्लबच्या मैदानाचं मोजमाप काय आलं, हे सगळं जाहीर करा. वरपासून खालपर्यंत सगळ्या मैदानांचं.

हायलँड आणि लोलँड दोन्हीकडच्या चॅम्पियनना वर यायची धड संधी द्या, किमान दोन जागा. आणि लायसन्स नसेल तर चॅम्पियनला प्लेऑफ खेळू द्या, जिंकला तर अटी पूर्ण करायला ठराविक वेळ द्या. आधी दार बंद आणि मग बाहेर चर्चा, हे उलटं आहे.

लायसन्सचे नियम ठरवणाऱ्या बैठकीत लीग टू च्या खालच्या क्लबांचा, आणि त्यांच्या प्रेक्षकांचाही, मत देण्याचा अधिकार असलेला माणूस बसवा. नुसता ऐकायला बोलावलेला नको.

आणि शेवटची मागणी, बी टीमचा विषय परत कधी निघाला तर त्या त्या लीगमधल्या क्लबांच्या मतदानाशिवाय काही ठरवू नका.

आपल्या मराठी लोकांना एवढंच सांगते की एखाद्या शनिवारी ३१ नंबरची बस पकडा. तिकीट मोठ्या क्लबांच्या मानाने फार कमी आहे, पोरांना घेऊन या, जाड जॅकेट घाला, पेंटलंडच्या डोंगरांकडून वारा येतो. आणि तुम्ही जिथे राहता तिथला क्लब वेगळा असेल तर तिथे जा, या देशात असं गाव शोधून सापडणार नाही जिथे मैदान नाही. क्लबना या वेळी मदतीची गरज आहे आणि गेटवर भरलेले पैसे थेट त्यांच्याकडे जातात.

हॅम्पडेनच्या मंडळींनो, तुमच्यापैकी कुणी न्यू डंडास पार्कला यायला तयार असेल तर तुमचं तिकीट मी काढते, तुम्ही पाहुणे म्हणून नाही तर कठड्याला आमच्याबरोबर उभे राहा, आणि जे प्रश्न वर विचारलेत त्यांची उत्तरं तिथल्या माणसांना तोंडावर द्या. यायला जमत नसेल तर लेखी उत्तर द्या, या महिन्याच्या अखेरपर्यंत. पत्राची एक प्रत मी आमच्या भागाच्या एमएसपींना (स्कॉटिश संसदेच्या सदस्यांना) पाठवतेय, एक क्लबच्या सेक्रेटरींना, आणि उत्तर आलं तर ते जसंच्या तसं इथेच टाकीन.

आपली,
मिडलोथियनला राहणारी एक कोल्हापूरकर